बॉर्डरलाइन असलेलं मूल आणि घर: पहिल्या वहीपासून अठराव्या वर्षापर्यंत

बॉर्डरलाइन म्हणजे बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकार: भावना फार लवकर आणि फार तीव्र उसळतात, नाती सतत डळमळतात. आपल्या मुलात असं काही दिसत असेल तर डॉक्टरांकडे पहिल्यांदा जाण्याआधी दोन आठवडे एक वही ठेवा. जीव देण्याची भाषा असेल किंवा अंगावर जखमा दिसत असतील तर वही राहू द्या, त्याच दिवशी निघा. एरवी या वहीइतकं उपयोगी काही नाही. वहीत मत लिहायचं नसतं. ‘आज फार त्रास दिला’ या ओळीतून डॉक्टरांना काहीच कळत नाही. ‘मंगळवार, रात्री सव्वानऊ. मैत्रिणीनं मेसेज वाचून उत्तर दिलं नाही. दार आपटलं, ताट ढकललं, मग तासभर रडणं. साडेअकराला स्वतःहून आईजवळ येऊन झोपली. आदल्या रात्री झोप चार तास’ ही नोंद मोलाची. आधी काय घडलं, मुलानं काय केलं, किती वेळ टिकलं, कशानं शांत झालं. जोडीला झोप, जेवण आणि मुलगी असेल तर पाळीची तारीख.

यातलं ‘किती वेळ टिकलं’ हे सगळ्यांत महत्त्वाचं. बॉर्डरलाइनमध्ये मूड काही तासांत फिरतो, क्वचितच काही दिवस टिकतो, आणि फिरण्यामागे बहुतेक वेळा कुणीतरी माणूस असतो: आपल्याला कुणी सोडून जाईल ही भीती, कुणी हिणवलं ही सल. बायपोलर या मूडच्या चढउताराच्या आजारात चढलेला मूड निदान चार दिवस आणि पुऱ्या मेनियात, म्हणजे अगदी टोकाला चढलेल्या अवस्थेत, आठवडाभर सलग राहतो. झोप कमी होऊनही थकवा जाणवत नाही. नैराश्य, एडीएचडी (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता), जुना आघात यांची लक्षणंही यात मिसळतात आणि एकाच मुलात दोन-तीन गोष्टी सापडणं नेहमीचंच आहे. दहा मिनिटांच्या ओपीडीत हे सगळं कुणालाही उलगडत नाही. वही असली की उलगडायला सुरुवात होते.

गोव्यात सरकारी व्यवस्थेतला मुख्य दरवाजा बांबोळीचा: मानसोपचार आणि मानवी वर्तन संस्था, सगळे म्हणतात ती आयपीएचबी. पेडण्याकडच्यांना म्हापशाचं आणि सांग्याकडच्यांना मडगावचं जिल्हा इस्पितळ जवळ पडतं. जाताना मुलाला ‘जरा फिरून येऊ’ असं सांगून नेऊ नका. या आजारात विश्वास तुटण्याची भीती आधीच मोठी असते, आणि उपचारांची पहिली पायरी फसवणुकीची झाली तर पुढची सगळी वाट अवघड होते. ‘तुला जे होतंय ते आम्हाला कळत नाहीये, कळणाऱ्या माणसाला भेटूया’ एवढं पुरतं. डॉक्टर मुलाशी एकट्याशी बोलतील तेव्हा बाहेर बसा आणि घरी आल्यावर ‘काय विचारलं, काय सांगितलंस’ अशी उलटतपासणी करू नका. त्या बंद दाराआड मुलानं लैंगिक अत्याचाराबद्दल काही सांगितलं, तर पोक्सो कायद्यानुसार त्याची खबर द्यावीच लागते, डॉक्टरांनाही आणि तुम्हालाही. हे आधी माहीत असलेलं बरं.

निदानाच्या शब्दावरून घरात गोंधळ होतो. डीएसएम-५ या अमेरिकी नियमावलीत नऊ लक्षणं दिली आहेत, त्यांपैकी पाच असावी लागतात आणि १८ वर्षांखालच्या मुलात ती निदान वर्षभर टिकलेली असावी लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या, २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात प्रकारांऐवजी विकार सौम्य, मध्यम की तीव्र हे आधी ठरतं आणि बॉर्डरलाइन ही त्यावरची जोडनोंद. काही डॉक्टर या वयात शिक्का नको म्हणून कागदावर ‘भावनांचं नियमन बिघडलेलं’ एवढंच लिहितात. शब्द कुठलाही असो, उपचार लवकर सुरू होणं महत्त्वाचं, आणि केवळ अठरा पूर्ण व्हायची वाट पाहत बसण्यात आम्हाला तरी काही शहाणपण दिसत नाही.

औषधांबद्दल थोडक्यात. बॉर्डरलाइनवर म्हणून मंजूर झालेलं एकही औषध नाही. इंग्लंडच्या नाइस या संस्थेनं २००९ च्या मार्गदर्शिकेत या विकारासाठी म्हणून औषध देऊ नये असंच सांगितलं आहे. औषध दिलं जातं ते सोबतच्या नैराश्यासाठी, चिंतेसाठी, झोपेसाठी. नैराश्याची गोळी सुरू झाल्यावर पहिले काही आठवडे मुलावर जास्त लक्ष ठेवा. अस्वस्थता किंवा मरणाचे विचार वाढल्यासारखे वाटले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता कळवा. बरं वाटतंय म्हणून गोळी परस्पर बंद करायची नाही.

खरा उपचार बोलण्याचा, आणि त्यात ज्याच्या पाठीशी भक्कम पुरावा आहे तो डीबीटी, म्हणजे डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी: भावना सांभाळण्याची कौशल्यं शिकवणारा उपचार. मार्शा लिनहॅन यांनी तो मोठ्यांसाठी उभा केला, १९९३ मध्ये त्याचं हस्तपुस्तक आलं. मिलर आणि रेथस यांनी पुढे तो किशोरवयासाठी बसवला. त्यात आठवड्याला एक स्वतंत्र बैठक, आठवड्याला एक कौशल्यवर्ग आणि गरज पडली तर मध्ये फोन असतो. किशोरांच्या कौशल्यवर्गात आईवडिलांनाही बसावं लागतं. हे सगळं एका ठिकाणी सगळीकडे मिळत नाही, म्हणून थेरपिस्टला नेमकं विचारा: डीबीटीचं प्रशिक्षण कुठं घेतलं? डायरी कार्ड वापरता का? दोन भेटींच्या मध्ये संकट आलं तर फोन चालेल का? आम्हा पालकांनाही शिकवाल का? क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे भारतीय पुनर्वास परिषदेचा, म्हणजे आरसीआयचा, नोंदणी क्रमांक असतो. तो मागण्यात काही वावगं नाही.

डायरी कार्ड मुलाचं असतं. त्यात रोज स्वतःला इजा करण्याची ऊर्मी शून्य ते पाचमध्ये किती होती, कुठली भावना वर आली, कुठलं कौशल्य वापरलं हे मूल लिहितं आणि थेरपिस्टला दाखवतं. ते उशीखाली सापडलं तरी उघडू नका. एकदा उघडलंत की त्यानंतर त्यात खरं काही लिहिलं जाणार नाही.

पण आठवड्यातले दोन तास थेरपिस्टचे, उरलेला सगळा वेळ घराचा. या आजारात बरं होणं बरंचसं घरात ठरतं. आणि घरातही ते ठरतं पेटलेल्या क्षणाच्या पहिल्या दहा मिनिटांत, आपल्या तोंडून कुठलं वाक्य निघतं त्यावर.

त्याआधी घर सुरक्षित करा. संकट येतं तेव्हा ऊर्मी तीव्र असते पण टिकते थोडा वेळ, आणि त्या वेळात घातक वस्तू हाताशी नसेल तर जीव वाचतो. आपल्याकडच्या घरांची रचना बघता यादी शहरातल्या फ्लॅटपेक्षा लांब होते. कुळागर, म्हणजे नारळ-सुपारीची बाग, असेल तर फवारणीची औषधं, मोरचूद, तणनाशक, उंदरांचं औषध घरात किंवा पडवीत नकोच. कुलूपबंद आणि शक्यतो दुसऱ्याच्या आवारात. विहिरीवर लोखंडी जाळी, तिला कुलूप. कोयते, आदोळी (विळी), सुऱ्या रात्री एका कपाटात. घरातली फेणी-हुर्राकची बाटली हलवा, कारण दारू चढली की उरलासुरला आवर जातो. दुचाकीच्या चाव्या खिळ्यावर टांगायच्या नाहीत. औषधांचा डबा मोठ्यांच्या ताब्यात. आजी-आजोबांच्या रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या लोक हमखास विसरतात. तापाची साधी गोळीसुद्धा जास्त घेतली तर यकृत निकामी करू शकते आणि सुरुवातीला माणूस अगदी ठीक दिसतो. म्हणून ‘काही होत नाहीये’ असं मूल म्हणालं तरी त्याच क्षणी इस्पितळ. हे सगळं मुलापासून लपवून करू नका. ‘तुझ्यावर अविश्वास म्हणून नाही. वाईट वेळ आली तर ती निभावून जावी म्हणून’ असं सांगून करा.

आता ती दहा मिनिटं. मूल पेटलेलं असताना त्याचं डोकं तर्क ऐकायच्या अवस्थेत नसतं. तरीही आपण नेमकं तेव्हाच समजावायला जातो. ‘एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलीस’, ‘मावशीच्या मुलीकडे बघ जरा’, ‘शेजारी काय म्हणतील’ ही वाक्यं आपल्या जिभेवर तयारच असतात, आणि प्रत्येक वाक्यातून मुलाला एकच निरोप मिळतो: तुला जे वाटतंय ते चूक आहे. मग ते खरं आहे हे पटवून द्यायला मूल आवाज चढवतं. आवाजानं पटलं नाही तर ताट फेकून पटवतं, त्यानंही नाही तर स्वतःच्या अंगावर घाव घालून.

म्हणून आधी मान्यता. ‘बाय, त्या सगळ्या मिरामारला गेल्या आणि तुला सांगितलंसुद्धा नाही. आपल्याला वगळलं असं वाटलं तुला. लागणारच ते.’ आणि गप्प. या वाक्याला ‘पण’ जोडू नका. ‘लागणारच ते, पण तूही जरा...’ म्हटलं की आधीचं सगळं पुसलं जातं. आवाज खालचा, शक्यतो बसून, दाराची वाट न अडवता. घरातल्या एकानंच बोलायचं. बाकीच्यांनी स्वयंपाकघरात किंवा बाहेर बाल्कांवात, ओसरीवर जायचं. तीन मोठी माणसं भोवती उभी राहिली की मुलाला घेरल्यासारखं होतं.

मान्यता म्हणजे होकार नव्हे. हे अनेक वडिलांना पटत नाही, म्हणून जोर देऊन सांगतो. आपण भावनेला मान्यता देतो, वागण्याला नाही. ‘राग येणं बरोबर आहे. ताट फेकणं चालणार नाही’ ही दोन्ही वाक्यं खरी आहेत. पहिलं लगेच बोलायचं, दुसरं नंतर. आणि जे खरं नाही ते मान्य करायचं नाही: ‘सगळेच माझा तिरस्कार करतात’ यावर ‘हो’ म्हणायचं नसतं. ‘आत्ता तुला अगदी एकटं वाटतंय’ असं म्हणायचं.

शब्द आत पोचतच नसतील तर शरीराकडून जा. थंड पाण्याचा उपाय साधा आहे पण नीट करावा लागतो. गोव्याच्या दमट हवेत नळाचं किंवा विहिरीचं पाणी पुरेसं थंड नसतं, म्हणून फ्रीजरमध्ये बर्फाचा एक ट्रे फक्त यासाठी राखून ठेवा. रुंद स्टीलच्या पातेल्यात पाणी आणि बर्फ घाला, दोन मिनिटं थांबा. मुलानं खाली वाकून श्वास रोखायचा आणि कपाळ, डोळे, गाल पाण्यात बुडतील असा चेहरा पंधरा ते तीस सेकंद ठेवायचा. पाण्याखाली श्वास रोखल्यावर शरीर आपोआप हृदयाची गती उतरवतं, त्यामुळे भावनेची धार थोड्या वेळापुरती बोथट होते. पातेलं नको असेल तर ओल्या फडक्यात गुंडाळलेला बर्फ डोळ्यांवर आणि गालांवर धरून, श्वास रोखून पुढे वाकायचं. मुलाला हृदयाचा त्रास असेल, हृदयाची गती कमी करणारी गोळी चालू असेल किंवा खाणं टाकल्यामुळे वजन फार उतरलं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करायचं नाही. बर्फ नसेल तर अंगणात दमेपर्यंत जलद चालणं, आणि मग चार मोजून श्वास आत, सहा मोजून बाहेर. हे सगळं शांत दिवशी आधी एकदा करून बघितलेलं असावं. जोरजबरदस्तीनं मुलाचं तोंड पाण्यात धरणं ही मारहाणच. तिथं उपाय संपतो.

जखम दिसली तर चेहरा शक्य तितका स्थिर. वाहत्या पाण्याखाली धुवा, स्वच्छ कापडानं दहा मिनिटं सलग दाबून धरा. रक्त थांबलं नाही किंवा जखमेच्या कडा उघड्या राहिल्या तर आरोग्य केंद्र, धनुर्वाताच्या इंजेक्शनची चौकशी तिथंच. आरडाओरडा नको, आणि त्या घडीला मायेचा पूर आणून नवा फोन, आवडता खाऊ हेही नको. माया हवीच, भरपूर हवी. ती काहीही घडलेलं नसताना, रविवारी दुपारी, शाळेतून आल्यावर सहज मिळायला हवी. नाहीतर घाव घातला की घर जवळ येतं, एवढंच मूल शिकतं, तेही त्याच्या नकळत. ‘नाटक करते’, ‘आम्हाला नाचवते’ हे शब्द मात्र घरातून हद्दपार करा. वेदना खरी असते. ती पोचवायचा दुसरा मार्ग त्या मुलाला अजून सापडलेला नसतो.

आणि थेट विचारा: ‘जीव द्यावा असं मनात येतंय का? कसं करायचं हेही ठरवलंयस का?’ विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, हे अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. उत्तर ‘हो’ असेल तर मुलाला क्षणभरही एकटं ठेवू नका. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक २४ तास चालतो, रुग्णवाहिकेसाठी १०८. पोलिसांच्या भीतीनं इस्पितळ टाळणारे लोक आजही आहेत. इस्पितळात मेडिको-लीगल, म्हणजे पोलिसांना कळवायची नोंद होते, चौकशीही होऊ शकते. पण मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असं गृहीत धरलं जातं आणि उलट सिद्ध झाल्याशिवाय त्याला शिक्षा होत नाही.

दाखल करायची वेळ आली तर याच कायद्याचं कलम ८७ लक्षात ठेवा. १८ वर्षांखालच्या मुलाला दाखल करण्याआधी दोघांनी, त्यांतला निदान एक मानसोपचारतज्ज्ञ, सात दिवसांच्या आत स्वतंत्रपणे तपासलेलं असावं लागतं. पालकांची संमती लागते. मुलाची जागा मोठ्या रुग्णांपासून वेगळी असते. पालकानं किंवा पालकानं नेमलेल्या माणसानं पूर्ण वेळ सोबत राहायचं असतं, आणि मुलीचे वडील राहणार असतील तर एक बाई सोबत हवीच. म्हणजे घरातून कोण राहील, त्याच्या कामाची सुट्टी, घरी राहिलेल्या धाकट्याचं बघणारं कोण, हे आधी ठरवून ठेवा. या आजारात मुक्काम शक्यतो थोडक्या दिवसांचा असतो: जिवाचा धोका टळेपर्यंत. लांबला तर बाहेर जगण्याची कौशल्यं मुरण्याऐवजी सुटतात.

संकटानंतर, दुसऱ्या दिवशी पोट भरलेलं असताना, साखळी मांडायची. झोप कशी झाली होती, काय घडलं, मग डोक्यात काय आलं, मग अंगात काय झालं, मग काय केलं, त्यानं क्षणभर काय सुटलं आणि नंतर काय बिघडलं. कुठली कडी तोडता आली असती, हे मुलालाच सांगू द्या. बहुतेक वेळा पहिली कडी जागरणाची किंवा उपाशीपणाची निघते, आणि ती तोडणं सगळ्यांत सोपं असतं.

नियम थोडे ठेवा, तीनच्या वर नकोत: अंगावर हात नाही, वस्तू फोडायच्या नाहीत, बाहेर असताना फोन उचलायचा. परिणाम छोटा आणि लगेच: फोन उद्या सकाळपर्यंत बंद. महिनाभर फोन बंद ही शिक्षा रागात दिली जाते आणि आईवडीलच ती चौथ्या दिवशी मोडतात. नवा नियम लागू झाला की वागणं आधी बिघडतं. ओरडून मिळत होतं ते आता मिळत नाही, म्हणून मूल आणखी मोठ्यानं ओरडून बघतं. नेमकं तेव्हा घर नमलं तर जास्त ओरडल्यावर मिळतं हाच धडा पक्का होतो. जीव देण्याची भाषा मात्र यात मोडत नाही; ती प्रत्येक वेळी खरी धरायची.

एकत्र कुटुंबात सगळ्यांत जास्त इथं फाटतं. आई नाही म्हणते, आजी देते, बाबा रात्री येऊन दोघींवर चिडतात. मुलाच्या डोळ्यांत आज आजी देव आणि आई राक्षस असते, परवा उलट. मूल हे डाव आखून करत नाही; चांगलं आणि वाईट एकाच माणसात मावतं, हे त्या घडीला त्याला दिसतच नाही. यावर एक वाक्य घरातल्या प्रत्येकानं पाठ करावं: ‘बाबांशी बोलून रात्री जेवणाआधी सांगते.’ आणि जेवणाआधी सांगायचंच. आजीला औषधांची नावं समजावत बसण्यापेक्षा हे वाक्य आणि त्यामागचं कारण समजावा.

आजी देवळात प्रसाद घेऊ म्हणेल, कौल लावू म्हणेल. त्यावरून घरात भांडण पेटवू नका. देवाचं करा, गोळी आणि थेरपी चालू ठेवा. उपास घडवणं, कोंडणं, झोडपणं, बांधून ठेवणं मात्र कुणाच्याही सांगण्यावरून होऊ देऊ नका.

चवथीची, म्हणजे गणेशचतुर्थीची, तयारी वेगळी करावी लागते. मूळ घरात पंचवीस माणसं, गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधण्याची गडबड, घुमट वाजवत आरत्या, रात्री उशिरापर्यंत फुगड्या, आणि दर दुसऱ्या आत्याचा ‘किती बारीक झालीस गो’ हा प्रश्न. जागरण, गोंगाट आणि शेरे, तिन्ही एकदम. जाण्याआधी मुलासोबत ठरवा: विसावायची खोली कुठली, विश्वासातलं चुलत-मावस भावंड कोण, ‘आता नको’ सांगायची खूण काय, आणि लागलं तर कुणी कुठल्या गाडीनं घरी परत आणायचं. पाचही दिवस राहायलाच हवं असं नाही. एका रात्रीची नीट झोप सांभाळून दोन दिवस चांगले गेले तर ते जास्त.

शाळेला किंवा उच्च माध्यमिकला निदानाचा कागद देण्याची गरज नाही. एक पान द्या: वर्गात असह्य झालं तर मूल कुठं जाऊन बसेल, किती वेळ, फोन कुणाला करायचा, आणि सगळ्यांसमोर बोलू नका. समुपदेशक असेल तर ते पान त्यांच्या हाती. अर्धा तास समुपदेशकाच्या खोलीत बसून वर्गात परतणं हे घरी पाठवण्यापेक्षा केव्हाही चांगलं, कारण घरी पाठवलं की शाळा हळूहळू सुटते.

पालकांनाही शिकावं लागतं आणि त्यांच्याही अंगातलं बळ संपतं. बॉर्डरलाइनसाठी काम करणाऱ्या नॅशनल एज्युकेशन अलायन्स या अमेरिकी संस्थेचा ‘फॅमिली कनेक्शन्स’ नावाचा १२ आठवड्यांचा वर्ग विनामूल्य आहे. इंग्रजी चालत असेल तर जरूर करा. आईवडिलांनी आळीपाळीनं ‘रात्रीची पाळी’ वाटून घ्यावी, म्हणजे एकाची तरी झोप पुरी होते. धाकट्या भावंडाला आठवड्यातून ठरलेला एक वेळ द्या, जो ताईच्या रडण्यामुळे रद्द होणार नाही. निराश होण्याचं कारण मात्र नाही. मेरी झानारिनी यांनी अमेरिकेत मॅक्लीन इस्पितळातून सोडलेल्या रुग्णांचा वर्षानुवर्षं माग ठेवला. दहा वर्षांत त्यांतल्या बहुसंख्यांची लक्षणं निदानाच्या पातळीखाली उतरली होती. नोकरी आणि नाती यांचं बस्तान बसायला मात्र अनेकांना त्याहून जास्त वेळ लागला. म्हणून शिक्षण, एखादी कला, छोटी नोकरी यांची दोरी उपचार चालू असतानाही सुटू देऊ नका.

अठरावा वाढदिवस जवळ आला की एक काम उरतं. त्या दिवसापासून उपचारांची संमती मुलाची, तुमची नाही, आणि डॉक्टर त्याला विचारल्याशिवाय तुम्हाला काही सांगणार नाहीत. वर्षभर आधीपासून गोळ्या आणि तारखा त्याच्याकडे थोड्या थोड्या सोपवा, तरी घरात एका वेळी आठवडाभराचाच साठा. सगळे कागद एका फाइलमध्ये. संकटात कुणाला बोलवायचं, काय उपयोगी पडतं, काय नको, हे त्याच्याच शब्दांत एका पानावर. अठरा पूर्ण झाल्यावर मानसिक आरोग्य कायद्यानुसार त्याला आपला नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचारांच्या निर्णयांत साथ देणारा माणूस, नेमता येतो. साध्या कागदावर लिहून सही केली तरी चालते. तो प्रतिनिधी आई किंवा बाबाच असला पाहिजे असं नाही. मुलानं मावशीचं नाव लिहिलं तर मावशीला बोलावून ती फाइल दाखवा.